इंदूरचा एकतर्फी निकाल

गोव्याहून आलेले एक स्नेही गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे उतरले होते. सकाळी उज्जैनला जाऊन त्यांनी महाकालेश्वराचे दर्शन घेतले, दुपारी राजवाड्यासमोर छायाचित्र काढवून घेतले, सायंकाळी छप्पन दुकानांवर आणि रात्री सराफ्यात यथेच्छ खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वराकडे निघताना ते मला म्हणाले, "वकीलसाहेब, इंदूर पाहिले. शहर स्वच्छ आहे आणि खाणे उत्तम आहे." हेच गृहस्थ आदल्या रात्री तासभर तावातावाने सांगत होते की बाहेरचे लोक समुद्रकिनारा आणि फेणी यांनाच गोवा समजतात. गोव्याच्या बाबतीत जो अन्याय ठरतो तो इंदूरच्या बाबतीत न्याय कसा ठरतो, हे मला अद्याप उमगलेले नाही.

आमच्या व्यवसायात, एका पक्षाचे म्हणणे न ऐकता झालेला हुकूमनामा रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. प्रस्तुत लेख हा तसा अर्ज समजावा.

मराठी प्रवासी राजवाड्यात येतो तो बहुधा अहिल्याबाईंच्या ओढीने. ओढ आदरणीय आहे; परंतु अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर होती. इंदूरला होळकरांची राजधानी आली ती १८१८ च्या मंदसौर तहानंतर, म्हणजे मराठ्यांचे राज्य संपत असताना. राजवाड्याचा बराच भाग १९८४ च्या दंगलीत जळाला आणि पुढे नव्याने बांधला गेला. इतके तरी ध्यानात घेऊन कुणी त्या दरवाजासमोर उभे राहावे! राजवाडा झाला की पाहुणा काचमंदिर पाहतो. भिंती, खांब, छत, सगळी काच. शेठ हुकुमचंदांनी हे जैन मंदिर उभारले, असे त्याला सांगण्यात येते आणि तो मान डोलावतो. ज्या कापड गिरणीला हुकुमचंदांचे नाव होते तिच्याकडे मात्र त्याला कोणी नेत नाही.

त्या गिरणीविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे. इंदूर हे एके काळी गिरण्यांचे शहर होते. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी ही नावे येथील जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. हुकुमचंद मिलची यंत्रे १९९१-९२ च्या हिवाळ्यात थांबली. मिल अवसायनात गेली आणि कामगारांची देणी कागदांत अडकली. पुढे तीस वर्षांहून अधिक काळ हे भांडण न्यायालयात चालले. कित्येक कामगार त्या अवधीत वारले, आणि त्यांच्या विधवा व मुले तारखांना येऊन बसू लागली. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश पंतप्रधानांच्या हस्ते दिला गेला. लाभार्थी कामगार सुमारे ४,८०० होते. मिलची जमीन मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळाकडे गेली. न्याय मिळाला, असे म्हणण्यास माझी हरकत नाही; परंतु ज्या न्यायाला एक पिढी खर्ची पडते त्याचे अभिनंदन करताना वकिलाने तरी आवाज जरा खाली ठेवावा.

गिरण्या बंद पडल्या, पण त्यांच्या झाँक्या बंद पडल्या नाहीत. अनंत चतुर्दशीच्या रात्री या गिरण्यांच्या नावांनी देखाव्यांच्या गाड्या निघतात आणि पहाटेपर्यंत शहर रस्त्याच्या कडेला बसून त्या पाहते. ही परंपरा सुमारे शंभर वर्षांची आहे. कारखाना नाही, पगार नाही, हजेरीपट नाही. तरी माजी कामगार वर्गणी मागून आणि सार्वजनिक संस्थांकडे अर्ज करून आपल्या मिलची झाँकी उभी करतात. टिळकांनी महाराष्ट्रात रुजवलेला उत्सव माळव्यातील हिंदीभाषक गिरणी कामगाराने कसा आपलासा केला, हे ज्याला पाहायचे आहे त्याने त्या रात्री इंदुरात असावे. आमचे मराठी पाहुणे नेमके त्या दिवशी पुण्यात असतात!

आता स्वच्छतेविषयी. २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांत इंदूरने वर्षानुवर्षे पहिला क्रमांक राखला, आणि तेव्हापासून पाहुणे कचऱ्याच्या डब्यांचीही छायाचित्रे घेऊ लागले. पण ही कीर्ती काल उगवलेली नाही. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराचा इंदूर दरबारासाठी लिहिलेला अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. शहरात प्लेग असताना या विलक्षण माणसाने दिवाळीची मिरवणूक हाती घेतली. ज्या पेठा आपली घरे झाडून, डागडुजी करून स्वच्छ ठेवतील तेथून मिरवणूक नेण्याचे त्याने ठरवले, आणि सफाई कामगारांना त्या मिरवणुकीत मानाने चालवले. पुढे १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड याने येथील वनस्पती-उद्योग संस्थेत पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांपासून खत करण्याची रीत बसवली. जगभरचे बागाईतदार तिला आजही 'इंदूर पद्धत' म्हणतात. गांधीजी १९३५ साली ती पाहावयास आले होते. इंग्लंडातल्या माळ्याला ठाऊक असलेले हे इंदूर सांगली-पणजीच्या पाहुण्याला ठाऊक नसते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी तो उभा राहतो तोही खान नदीकडे पाठ करून. याच नद्यांसाठी गेडिसने अहवालाची पानेच्या पाने खर्ची घातली होती.

कोणी म्हणेल, प्रवासी म्हणजे संशोधक नव्हे. बिचाऱ्याला दोन दिवसांची रजा. मान्य. परंतु जे पाहुण्यांच्या यादीत असते त्याला रंग लागतो, दिवे लागतात. जे नसते ते विकले जाते किंवा पाडले जाते, आणि कोणी विचारीत नाही. माणिकबागेचा पुरावा समोर आहे. यशवंतराव होळकर दुसरे यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून १९३० नंतर बांधून घेतलेला हा महाल त्या काळी युरोपातही अपूर्व ठरावा असा होता. ब्रांकुशी या शिल्पकाराचे संगमरवरी 'पक्षी' महाराजांनी घेतले होते. ते आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या संग्रहालयात आहेत. महालातील सामान १९८० साली मोनॅकोत लिलावात गेले. २०१९ साली पॅरिसमध्ये या महालावर प्रदर्शन भरले. आणि महालात? महालात केंद्र सरकारचे करखाते बसते.

या अपराधात आम्ही इंदूरकर सहआरोपी आहोत, हेही कबूल करतो. पाहुणा आला की आम्हीच त्याला पोहे-जिलबीपासून भुट्ट्याच्या किसापर्यंत यादी ऐकवतो, आणि तो तृप्त होऊन गेला की शहराची अब्रू राखली असे समजतो. पोह्यांशी माझे वैर नाही. रोज सकाळी न्यायालयात जाण्यापूर्वी मी ते खातो. पण पोहे खाऊन झाल्यावर माणसाने कुठेतरी जायला हवे.

परवा त्याच स्नेह्यांचा फोन आला. पुन्हा येणार आहेत, या खेपेस सहकुटुंब. सराफ्याजवळ खोली पाहून ठेवा म्हणाले. मी त्यांना अनंत चतुर्दशीची तारीख कळवली आहे आणि खोली मिरवणुकीच्या वाटेवर पाहतो आहे.