बदामावाचून काही अडत नाही

पेण-रोह्याच्या वस्त्यांत बाळंतिणीला आहार सांगितला की हमखास ऐकू येतं, "बदाम कुठून आणू, ताई?" बदाम हवेत कुणाला? 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिनं असतात, बदामांत 21. भाजलेले दाणे, मिरची, जिरं वाटून आमटी करा, वर लिंबू पिळा. भाजलेलं नाचणीचं पीठ, दाण्याचं कूट, गूळ आणि चमचाभर तेल मळून चपट्या टिकल्या थापा, झाकण ठेवून तव्यावर मंद आचेवर शेकवा. झाली बिस्किटं, ओव्हन लागत नाही. पाच वर्षांखालच्या पोराला अख्खा दाणा देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो, कूटच द्या. आणि स्वस्त मिळाले म्हणून पावसाळ्यात बुरशी धरलेले, काळपट, कडू दाणे घरात आणू नका. त्यातलं विष यकृतावर जातं, भाजूनही पुरतं जात नाही. थोडेच घ्या, घट्ट डब्यात ठेवा.