इंजिनाचा पिवळा दिवा आणि मिस्त्रीची मजुरी

धुळे ते जळगाव हा सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता आम्हा कापड व्यापाऱ्यांच्या नेहमीच्या पायाखालचा. मागील उन्हाळ्यात अशाच एका फेरीत पारोळ्याजवळ आमच्या पेट्रोल गाडीत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडी मात्र झकास चालत होती. ना आवाज, ना धक्का. एका गॅरेजात दाखवली. तेथे ऑक्सिजन सेन्सर बदलला, दिवा घालवला आणि काही हजारांचे बिल हाती दिले. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा हजर!

गाडी चांगली चालते, मग दिवा खोटाच असणार, असे आपल्यापैकी अनेकजण मानतात. आम्हीही मानत होतो. परंतु कापडाचे थान वरून गुळगुळीत दिसते. उजेडापुढे धरले की तुटलेला ताणा दिसतो. तसेच हे आहे. इंजिनातील कॉम्प्युटर सेन्सरकडून माहिती घेऊन पेट्रोल कमीजास्त करतो व दोष सांभाळून घेतो. म्हणून चालवणाऱ्याला काही जाणवत नाही. सांभाळण्याची हद्द संपली की तो दिवा लावतो आणि दोषाचा कोड नोंदवून ठेवतो. त्या क्षणी इंजिनाचे फेरे, उष्णता व वेग किती होता, हेही बहुधा त्यात साठवलेले असते. कोड पुसला की ही साक्षही पुसली जाते.

आम्ही गाडी धुळ्यातील एका जुन्या उस्तादाकडे नेली. त्याने काहीही पुसले नाही. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावून कोड कागदावर लिहिला : पी ०१७१. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. एवढ्यावरून सेन्सर खराब असे ठरत नाही. सेन्सर बिचारा खरे तेच सांगत असू शकतो. गाडी उभी असताना कॉम्प्युटर बरेच जादा पेट्रोल देत होता. रेस वाढवताच ते प्रमाण उतरले. यावरून बाहेरची हवा कोठून तरी आत शिरते आहे, असा त्याने अंदाज बांधला. हवेच्या मार्गात धूर सोडला, तेव्हा एका रबरी पाइपाच्या बारीक चिरेतून तो बाहेर आला. पाइप बदलला, त्यानंतरच कोड पुसला. दिवा आजतागायत लागलेला नाही.

उस्तादाने पाइपाचे थोडे आणि तपासणीचे जास्त पैसे सांगितले, तेव्हा आमच्या कपाळाला आठी पडली. एवढ्याशा पाइपाला एवढे पैसे? घरी परतताना मात्र आमची आम्हालाच शरम वाटली. डॉक्टरला नाडी पाहण्याची फी आपण मुकाट्याने देतो, पण मिस्त्रीने नुसते पाहण्याचे पैसे मागितले की घासाघीस करतो. नुसत्या पाहण्याची मजुरी मिळत नसेल तर तो पार्ट विकूनच पोट भरणार. आमच्या हजारो रुपयांच्या सेन्सरला गॅरेजवाल्याइतकेच आम्हीही जबाबदार होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून व्यापारी बंधूंना विनंती, की कोड कोणता आणि दोष कसा सिद्ध झाला हे विचारा, व तपासणीची मजुरी खुशीने द्या. दिवा स्थिर पिवळा असेल तर घाबरू नका, पण दाखवण्यात महिने घालवू नका. तो लुकलुकत असेल तर बहुधा पेट्रोल न जळता पुढे जाते आहे; त्याने महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो, तेव्हा वेग कमी करा व लवकर थांबा. ऑइलचा किंवा उष्णतेचा लाल दिवा लागला तर गाडी जागेवरच बंद करा.

कारागीर बंधूंनो, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर नव्या गाड्यांत सेन्सर वाढले आहेत. केवळ कानाने इंजिन ओळखण्याचे दिवस गेले. कान आणि स्कॅनर दोन्ही हवेत. एकट्याला परवडत नसेल तर दोघा-तिघांनी मिळून घ्या. उर्दू शाळेतून आलेल्या शागिर्दांनी इंग्रजी अक्षरांना भिऊ नये. आम्हीही उर्दू शाळेतच शिकलो आणि हुंडी-बिलाचे इंग्रजी दुकानात बसून शिकलो. धुळे व जळगाव येथे आयटीआय आहेत, त्यांचा लाभ घ्यावा.

शेवटची गोष्ट जुन्या गाड्यांच्या सौद्याची. कोड पुसून गाडी विकणारे विसरतात, की पुसल्यानंतर कॉम्प्युटरच्या काही चाचण्या अपुऱ्या राहतात व जाणता मिस्त्री ते स्कॅनरवर ओळखतो. आणि त्याने ओळखले नाही तरी काय? पैगंबर साहेबांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा व्यापाऱ्याला ओले धान्य वर ठेवण्यास बजावले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पिवळा दिवा म्हणजे राशीतली ओलच आहे. ती दाखवून सौदा केला तर पैसे थोडे कमी मिळतील, पण बरकत राहील.