ऑपरेशनला बोल लावण्यापूर्वी

“ताई, तिसऱ्या बाळंतपणानंतर टाक्याचं ऑपरेशन केलं आणि माझी कंबर गेली ती गेलीच. पाळीतही फार जातं. जाऊबाई म्हणतात, दुर्बिणीचं केलं असतंस तर हे भोग आले नसते. आता डॉक्टर पिशवीच काढा म्हणतात. काय करू?”

मैत्रिणींनो, असे पत्र काही पहिलेच नव्हे. म्हणून आज जरा सविस्तर बोलू या.

दोन्ही ऑपरेशनांत काम एकच. गर्भाशयाच्या दोन बाजूंच्या बीजवाहक नळ्या बंद करायच्या. गर्भाशय आणि बीजकोष जागच्या जागीच राहतात. फरक आहे तो नळीपर्यंत पोचण्याच्या वाटेत.

टाक्याचे ऑपरेशन बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत करता येते. लहानसा छेद घेऊन नळीचा थोडा भाग बांधून कापतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात वायू भरतात, बेंबीजवळून दुर्बीण घालतात आणि नळीवर बहुधा रबरी कडी चढवतात. जखम लहान, दुखणे कमी. वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो, त्याला घाबरू नका. मात्र हे बाळंतपणानंतर सहा आठवडे होईपर्यंत करत नाहीत. पूर्वी पोटाचे ऑपरेशन झाले असेल किंवा हृदयाचा, दम्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

आता दुखण्याकडे वळू. अमेरिकेत नऊ हजारांहून अधिक स्त्रियांची पाच वर्षेपर्यंत पाहणी झाली. २००० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नळ्या बंद केल्याने पाळी बिघडते, असे त्यात दिसले नाही. मग आपल्याला तसे का वाटते? गोळ्या घेणारीची पाळी गोळ्यांमुळे कमी जात असते. ऑपरेशननंतर गोळ्या थांबल्या की मूळची पाळी परत येते. शिवाय वय वाढते, गाठी होतात. कंबर दुखते ती पुष्कळदा बाळंतपणांनी सैल झालेल्या स्नायूंमुळे. अंग बाहेर येते तेही बाळंतपणे, जड ओझी, जुना खोकला आणि बद्धकोष्ठ यांमुळे. त्यात टाक्याचे आणि दुर्बिणीचे असा भेद नाही.

माझ्या शेजारच्या वहिनी सात वर्षे “ऑपरेशनचंच दुखणं” म्हणत सगळं अंगावर काढत होत्या. शेवटी तपासलं तेव्हा गर्भाशयात गाठ निघाली आणि रक्त अगदी कमी झालेलं! ऑपरेशनला बोल लावण्यात खरा आजार लपून राहिला.

याचा अर्थ ऑपरेशनला काहीच धोका नाही, असा नव्हे. पहिल्या आठवड्यात ताप, वाढती पोटदुखी किंवा घाण वासाचे पाणी जाऊ लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि ऑपरेशन कितीही जुने असो, पाळी चुकली तर तपासणी करा. क्वचित दिवस राहतात, आणि तेव्हा गर्भ नळीतच रुजण्याची भीती जास्त असते. त्यात जिवावर बेतू शकते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला एवढेच सांगेन. आधी रक्त तपासा, सोनोग्राफी करा. पिशवी कशासाठी काढायची, औषधाने भागेल का, बीजकोष ठेवणार का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या. बीजकोष अवेळी काढले, तर हाडे लवकर ठिसूळ होतात. कंबरेसाठी व्यायाम शिकून घ्या. लघवी रोखताना आवळतो तसे खालचे स्नायू पाचपर्यंत मोजत आवळा आणि सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्या उभ्याही जमते.

आणि ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे त्यांना एक सांगते. पुरुषांची नसबंदी या दोन्हींपेक्षा सोपी. पोट उघडावे लागत नाही, ताकदही कमी होत नाही. फक्त वीर्याची तपासणी होईपर्यंत तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते. तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभरातल्या जवळजवळ अडतीस विवाहित स्त्रियांनी ऑपरेशन केलेले आढळले. नवऱ्याची नसबंदी झालेल्या शंभरात एकही भरत नाही! आज रात्री जेवणं झाल्यावर हा विषय घरात काढून तर बघा.