गावठी डुकरिणीला गोठा का नको?

डुकरे पाळणे हा जातीचा शिक्का म्हणून कुणाच्या माथी मारू नये, हे आम्हीही म्हणतो. पण ज्या कैकाडी-वडार बांधवांची चूल आजही त्यावर पेटते, त्यांना नुसता उपदेश करून काय होणार?

गाभण डुकरीण सुमारे 114 दिवसांनी व्याते. ती गटारावर जगली तर पिले अशक्त निपजतात, दूध आटते. तिला कोरडा गोठा, पेंढ्याचा अंथर, अंगाखाली पिले चिरडू नयेत म्हणून भिंतीकडेला आडवा बांबू लागतो. मक्याचा भरडा, कोंडा, पेंड लागते. पाजत्या डुकरिणीला तर गाभणीहून कितीतरी जास्त. यात घाण कोणती? घाण तिला उकिरड्यावर सोडण्यात आहे.

राष्ट्रीय पशुधन अभियानात 2021 पासून निम्मे अनुदान आहे, पण पन्नास-शंभर माद्यांच्या प्रकल्पाला! दोन डुकरिणींच्या घराने काय करावे?

नृसिंहवाडीने 2005, 2019, 2021 चे महापूर पाहिले. इथे गोठा उंच जोत्यावरच हवा. आपत्ती मदतीच्या 2022 च्या निकषांत शेळी-मेंढीच्या ओळीतच डुक्कर आहे, 4000 रुपये. म्हणून पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीत डुकरिणींची नोंद मागा, पोच घ्या. नाकारले तर कारण लेखी घ्या.