पहिला शब्द आईचा

सकाळी दहाच्या सुमारास बालरुग्ण कक्षात डॉक्टरांची फेरी, अर्थात रोजच्या बोलीतला ‘राउंड’, पलंगापाशी येऊन थांबते. जुलाब-उलट्यांनी थकलेले दीड वर्षाचे मूल सलाइनवर आहे. डॉक्टर विचारतात, ‘‘रात्र कशी गेली?’’ दुकान उघडून घाईने आलेले वडील उत्तर देतात, ‘‘ठीक आहे, साहेब.’’ शेजारी आजोबा उभे असतात. रात्रभर मुलाला मांडीवर घेऊन बसलेली आई डोक्यावरचा पदर सावरते आणि मागे सरकते. मध्यरात्रीपासून मुलाला लघवी झालेली नाही, हे त्या खोलीत केवळ तिलाच ठाऊक असते. शरीरातील पाणी कमी पडत असल्याची ती महत्त्वाची खूण आहे. डॉक्टर पुढच्या पलंगाकडे वळतात.

जालना, परतूर, अंबड, भोकरदन येथील व्यापारी घरांना हे दृश्य अपरिचित नाही. यात कोणी निष्काळजी नसतो. वडिलांना मूल खरोखरच शांत दिसते. सुनेचे मौन ही घराची मर्यादा असते. डॉक्टरांपुढे आणखी कितीतरी पलंग असतात. तरीही जिच्याजवळ सर्वांत नेमकी माहिती असते, तिलाच कोणी विचारत नाही आणि त्याची किंमत मुलाला मोजावी लागते.

अनेकान्ताचा संस्कार लाभलेल्या समाजाला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. हत्तीचा पाय चाचपणारा आणि कान चाचपणारा, दोघेही आपापल्या जागी खरे असतात. पूर्ण हत्ती एकट्याच्या हाती येत नाही. डॉक्टरांच्या हाती तपासणी व अहवाल असतात, परिचारिकेच्या हाती तापाची व औषधांची नोंद असते, आणि आईच्या हाती मुलाचे रडणे, दूध, झोप व लघवी यांचे ज्ञान असते. राउंड म्हणजे हे सारे एकत्र येण्याची वेळ होय.

याचा पुरावा वैद्यकशास्त्रातही मिळतो. उत्तर अमेरिकेतील ७ रुग्णालयांच्या बालरुग्ण विभागांत राउंडची पद्धत बदलून पाहण्यात आली. प्रथम कुटुंबाने बोलावे, डॉक्टरांनी सोप्या भाषेत सांगावे, परिचारिकेने सहभागी व्हावे आणि शेवटी कुटुंबाला काय समजले ते त्यांच्याच तोंडून ऐकावे, असा क्रम ठरला. ३,१०६ मुलांच्या दाखल्यांचा हा अभ्यास २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण चुकांची संख्या फारशी घटली नाही. परंतु मुलांना प्रत्यक्ष इजा करणाऱ्या चुका सुमारे ३८ टक्क्यांनी कमी झाल्या. राउंडला लागणारा वेळही लक्षणीय वाढला नाही.

आपल्या देशातही ही वाट नवी नाही. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षात आई-वडिलांना प्रशिक्षण देऊन बाळाच्या काळजीत सामील करून घेण्याचा प्रयोग झाला. पुढे २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी नवजात शिशू दक्षता कक्षांसाठी त्याच धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. जेथे विद्यार्थी घडतात, तेथे पलंगाभोवती अधिक माणसे जमतात आणि आपसांतील चर्चा बहुधा इंग्रजीत होते. घरात मारवाडी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या कुटुंबाला अशा वेळी अधिकच परके वाटू शकते. उद्याचे डॉक्टर कुटुंबाशी कसे बोलतील, हे आज याच पलंगांपाशी ठरत असते.

समजल्याची खात्री करणे ही गोष्ट व्यापाऱ्याला नवी नाही. फोनवर सौदा झाला, की माल, वजन आणि भाव पुन्हा उच्चारल्याशिवाय कोणी गाडी भरत नाही. मग मुलाच्या औषधाच्या बाबतीत नुसती मान का डोलवावी? पॅरासिटामॉलचेच पाहा. लहान बाळांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत सामान्यतः १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपमध्ये मात्र ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, तर दुसऱ्या प्रकारच्या सिरपमध्ये २५० मिलिग्रॅम असते. सिरपचे ५ मिली लक्षात ठेवून कोणी थेंबांच्या बाटलीतून तेवढेच दिले, तर १२५ ऐवजी ५०० मिलिग्रॅम पोटात जाते. ‘‘डॉक्टरसाहेब, मला समजले ते असे,’’ म्हणून बाटलीचे नाव, मात्रा आणि वेळ परत सांगितली, तर हा घोटाळा तेथेच टळतो.

कुटुंबाचीही काही तयारी असावी. रोजमेळ लिहावा तशी एका वहीत ताप, दूध, उलटी, शी, लघवी यांची वेळ मांडावी. मनातील दोन-तीन प्रश्न त्याच पानावर लिहावेत. घरी दिलेली घुटी, काढा किंवा दुसऱ्या डॉक्टरांचे औषध संकोचाने लपवू नये. अंगावर पाजणाऱ्या आईचे एकासन, उपवास वा चौविहार चालू असेल, तर तेही सांगावे. नातलगांनी गर्दी करण्याऐवजी एकाने निरोप घ्यावा व तोच सर्वांना कळवावा. प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. आजार आणि उपचार यांची माहिती समजेल अशा भाषेत मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. मात्र तातडीचे दुसरे मूल समोर असताना डॉक्टरांना थांबवून न धरणे हाही विवेक आहे. अशा वेळी नंतर कधी बोलता येईल, एवढेच विचारावे.

जैन आचारात वचनगुप्तीला जसे स्थान आहे, तसेच भाषासमितीलाही आहे. व्यर्थ वाणी आवरणे ही एक साधना, आणि बोलणे आवश्यक असेल तेथे हितकारक, मोजके व सत्य बोलणे ही दुसरी. आजारी मुलाच्या उशाशी आईचे मौन ही वचनगुप्ती ठरत नाही. तेथे तिचे एक वाक्यही जीवदयेचे कार्य करू शकते.

ते वाक्य बाहेर यावे, याची जबाबदारी डॉक्टरांवर जेवढी, तेवढीच घरातील ज्येष्ठांवर आहे. राउंड पलंगापाशी आला, की आजोबांनी एक पाऊल मागे घ्यावे आणि एवढेच म्हणावे, ‘‘सूनबाई, रात्रभर तू जागी होतीस. डॉक्टरांना तूच सांग.’’ मर्यादा तिने मोडण्याची वेळ येऊ नये. ती ज्येष्ठांनीच आपल्या हाताने सैल करावी.