जपलेली नोंद वाचता आली पाहिजे

हिंगोली जिल्ह्यातील वसमत हे गाव हळदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. समजा, तेथील विद्यार्थ्यांनी मोंढ्यातील आवक नोंदवण्यासाठी जावा भाषेत आज्ञावली लिहिली. ‘हळदनोंद’ हा साचा. त्यात गाव, वजन आणि भाव अशी तीन घरे. या साच्यातून घडलेली प्रत्येक नोंद म्हणजे एक ‘ऑब्जेक्ट’. आज्ञावली थांबताच संगणकाच्या स्मृतीतील ऑब्जेक्ट नाहीसे होते. ते टिकवायचे, तर फाईलमध्ये उतरवले पाहिजे.

जावाच्या १९९७ सालच्या १.१ या आवृत्तीत त्याची सोय झाली. साचा ‘सीरिअलायझेबल’ आहे असे जाहीर करायचे. मग ‘राइटऑब्जेक्ट’ ही एकच आज्ञा संपूर्ण ऑब्जेक्ट फाईलमध्ये उतरवते आणि ‘रीडऑब्जेक्ट’ ते पुन्हा उभे करते. एकमेकांत गुंतलेली ऑब्जेक्टही गुंत्यासह परत मिळतात. तरीही शाळेत हीच रीत प्रथम शिकवावी, हे आम्हांस पटत नाही.

या फाईलमध्ये साच्याचे नाव, घरांची नावे आणि मूल्ये जातात. साच्यातील कृती जात नाहीत. म्हणून वाचताना तो साचा हाताशी लागतोच. पुढील वर्षी त्यात ‘ओलावा’ हे चौथे घर वाढवले तर? साच्याला आपण आवृत्तिक्रमांक दिलेला नसेल, तर जावा जुनी फाईल नाकारते. क्रमांक दिलेला असून तोच ठेवला, तर फाईल वाचली जाते. पण जुन्या नोंदींत ओलावा शून्य दिसतो! न मोजलेला ओलावा आणि शून्य ओलावा एक नव्हेत. शिवाय परक्याची फाईल अशी वाचणे धोक्याचे असते, कारण फाईल सांगेल ती ऑब्जेक्ट वाचतावाचताच तयार होतात. म्हणूनच २०१७ साली जावा ९ मध्ये त्यांवर गाळणी बसवण्याची सोय झाली.

वाचकाविना अडलेली नोंद मराठवाड्यास नवी नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. २०२३ मध्ये येथील जुन्या सरकारी नोंदी तपासताना उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांची मदत घ्यावी लागली. कागद होते, ते वाचू शकणारे थोडे उरले होते.

शिक्षकांनी प्रथम साध्या मजकुराची फाईल करवून घ्यावी. पहिल्या ओळीत घरांची नावे व एकके, पुढे प्रत्येक ओळीत एक नोंद, न मोजलेले घर रिकामे. यास श्रम अधिक पडतील. पण काय जपले आणि काय गळले, हे विद्यार्थ्यांना कळेल. जावाची तयार सोय त्यानंतर, तात्पुरत्या साठवणीसाठी दाखवावी.

विद्यार्थिमित्रांनो, दोन्ही प्रकारच्या फाइली करा. मग आज्ञावली न देता त्या मित्राकडे सोपवा आणि कोणती फाईल त्याला वाचता येते, ते पाहा.