उद्या ये! घरी खेळायची एक भयकथा

१९९०च्या दशकात बेंगळुरूमध्ये अनेक घरांच्या दारांवर दोन शब्द लिहिलेले दिसत : ‘नाळे बा’. कानडीत त्याचा अर्थ ‘उद्या ये’. रात्री एक चेटकीण ओळखीच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडणारा दगावतो, अशी वदंता होती. दारावरची अक्षरं वाचून ती परत जाते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचते! २०१८च्या ‘स्त्री’ या हिंदी चित्रपटातही अशीच युक्ती आहे.

सुट्टीत मुलांबरोबर या दंतकथेचा छान खेळ होऊ शकतो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, असे खेळ १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून रुजले. १९८१च्या ‘कॉल ऑफ कथुलू’मध्ये लढाईपेक्षा रहस्याचा माग काढण्याला महत्त्व आलं.

तयारी
तीन-चार खेळाडू, एक सूत्रधार, कागद-पेन्सिल आणि सापशिडीतला फासा पुरे. पोस्टमन, शाळकरी मुलगी, निवृत्त मास्तर अशी पात्रं आधीच तयार ठेवावीत. अवघड काम करताना फासा टाकायचा. ४ किंवा जास्त पडले, की जमलं. खेळ दोन तासांत आटोपावा.

गोष्ट
मल्लेश्वरममधली एक गल्ली. रात्री दारं वाजतात. टोकाच्या घरात एकट्या राहणाऱ्या आजींवर सगळ्यांचा संशय आहे. प्रत्यक्षात वाऱ्याने झाडाची फांदी पत्र्यावर आपटते आहे. आवाज वाऱ्याच्या रात्रीच येतो, पत्र्यावर ताजे ओरखडे आहेत, खाली पानांचा सडा आहे, असे तीन धागे पेरावेत. मुलांच्या हातून एक निसटला तरी दुसरा सापडतो. महत्त्वाचा धागा मात्र कधीही फाशावर सोडू नये. नाहीतर गोष्ट तिथेच अडते.

भीती किती?
रक्तपात नको. मंद दिवा, हलका आवाज आणि टेबलावर तीन टकटका एवढ्यानेच अंगावर काटा येतो. मध्ये एक कोरा पत्ता ठेवावा. कुणी त्यावर बोट ठेवलं, की कारण न विचारता तो प्रसंग सोडून पुढे जावं. लहानग्यांची झोप उडवून मिळालेली मजा काय कामाची?

शेवटी मुलांनी आजींच्या घरी जाऊन खरं काय ते सांगायचं. हा भाग घाईत उरकू नये. २०१८ साली मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून बेंगळुरूमध्ये एका निरपराध तरुणाचा आणि धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांचा जमावाने जीव घेतला. संशय आला तर आधी पुरावा शोधायचा, ही सवय मुलांना खेळता खेळता लागली, तर सुट्टीतले दोन तास सत्कारणी लागले म्हणायचे.